बिझनेसच्या वर्गातले गेम आणि सिम्युलेशन: घोडं नेमकं कुठे पेंड खातं

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते कळेल. तुम्ही युनिव्हर्सिटीत बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला शिकवता, वर्गात साठेक मुलंमुली, लेक्चरला मान वर करून बघणारे मोजकेच. म्हणून या सत्रात एक ऑनलाइन सिम्युलेशन घेतलंत, प्रत्येक टीमने एक कंपनी चालवायची, एकूण आठ राउंड. पहिल्या दोन राउंडला वर्ग नुसता पेटला होता, तिसऱ्यापासून निम्म्या टीम ढेपाळल्या, आता पाच राउंड झालेत आणि प्रत्येक टीममध्ये एकच जण लॅपटॉपवर बसतो, बाकीचे मोबाइलवर, आणि मधल्या परीक्षेत उत्तरं पूर्वीसारखीच पुस्तकातून उतरवलेली. तर यापेक्षा चांगलं सिम्युलेशन कुठलं, असं तुम्ही विचारताय.

सिम्युलेशन बदलू नका, निदान आत्ता तरी नको. मी पंधराएक वर्षं हे वर्गात करतेय, कागदी खेळ, चिठ्ठ्यांचे खेळ, सॉफ्टवेअरवाले मोठे सिम्युलेशन, सगळं, आणि ज्या ज्या वेळी फसलं त्या बहुतेक वेळी गेम बरा होता, गेमनंतर आम्ही काय केलं तिथे माती खाल्ली होती. तुमच्या मेसेजमध्ये राउंड कसे झाले ते सविस्तर आहे पण राउंड संपल्यावर वर्गात काय होतं याबद्दल एक ओळही नाही. माझ्या अंदाजाने निकाल स्क्रीनवर येतो, पहिल्या टीमसाठी टाळ्या होतात आणि पुढच्या राउंडची तारीख सांगून तास संपतो. असं होत असेल तर मुलं शिकणार तरी कधी? खेळताना माणूस खेळत असतो, शिकतो ते थांबून मागे वळून बघताना.

माझा पहिला अनुभव सांगते. बिअर गेम तुम्हाला माहीत असेलच, एमआयटीत १९६० च्या आसपास जे फॉरेस्टर यांच्या सिस्टिम डायनॅमिक्सच्या, म्हणजे एखाद्या व्यवस्थेतले भाग एकमेकांवर परिणाम करत काळाबरोबर कसे बदलतात या अभ्यासाच्या, कामातून निघालेला. एका साखळीत चार जागा: किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. दर आठवड्याला प्रत्येकाने एकच निर्णय घ्यायचा, वरच्याला किती पेट्यांची ऑर्डर द्यायची. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त घडी घातलेली चिठ्ठी पुढे सरकवायची. माल यायला आणि ऑर्डर पोचायला काही आठवडे जातात. शिल्लक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि मागणी पुरी करता आली नाही तर थकलेल्या पेटीमागे एक डॉलर. बस, एवढेच नियम. मी तो पहिल्यांदा घेतला तेव्हा टेबलं मांडण्यात आणि नियम सांगण्यात पाऊण तास गेला, खेळ रंगला, आरडाओरडा, हसाहशी, आणि चर्चेला दहा मिनिटं उरली. मी घाईघाईत बोर्डवर बुलव्हिप इफेक्ट असा शब्द लिहिला, व्याख्या सांगितली (मागणीतला छोटा बदल साखळीत मागे मागे जाताना मोठा होत जाणं), घंटा झाली, सगळे खूश होऊन गेले. पुढच्या तासाला विचारलं काय शिकलात, तर पहिलं उत्तर आलं, "मॅडम, आमचा वितरक येडा होता, त्याने भलत्याच ऑर्डरी दिल्या." माणसाला दोष देऊ नका, रचना बघा, हे दाखवायलाच हा खेळ आहे आणि माझा वर्ग नेमका उलटा धडा घेऊन गेला होता. चूक पूर्णपणे माझी, मी त्यांना विचार करायला वेळच दिला नव्हता.

आता मी तो तीन तासांच्या सलग स्लॉटशिवाय घेतच नाही आणि त्यातला निम्मा वेळ चर्चेसाठी आधीच राखून ठेवते. खेळ कुठेही असो, दीड तास झाला की थांबवते. एरवीही हा खेळ ५० आठवडे चालेल असं सांगून ३६ व्या आठवड्यालाच थांबवायची पद्धत आहे, आणि त्यामागे कारण आहे, शेवट जवळ आला हे कळलं की लोक शेवटासाठी खेळायला लागतात, ऑर्डरी बंद करतात, माल संपवतात, मग आकडे खोटे पडतात. हा मुद्दा तुमच्या आठ राउंडच्या बाबतीत परत येईल, लक्षात ठेवा.

थांबवल्यावर मी काय करते ते जरा बारकाईने सांगते, कारण सगळा खेळ इथेच आहे. आधी दोन-चार मिनिटं त्यांना नुसतं ओरडू देते. राग, हसू, "तू एवढा माल का मागवलास" हे सगळं बाहेर पडू दे, ते कोंडून ठेवलं तर पुढे कोणी डोकं चालवत नाही. मग सगळ्यांना, फक्त किरकोळ विक्रेते सोडून, एक कोरा कागद देते आणि सांगते की गिऱ्हाइकाची मागणी आठवड्यागणिक कशी बदलली असेल असं तुम्हाला वाटतं त्याचा आलेख काढा, न बोलता. कारखान्यावर बसलेली मुलं हमखास मोठे चढउतार काढतात, डोंगर, मग दरी, मग परत डोंगर. कागद भिंतीवर लावते, मग प्रत्येक टीमच्या ऑर्डरींचे खरे आलेख शेजारी शेजारी लावते, किरकोळपासून कारखान्यापर्यंत, आणि एका जागेहून पुढच्या जागेला लाटा कशा मोठ्या होत जातात ते सगळ्यांना लांबूनच दिसतं. आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकाच्या मागणीची गड्डी घेऊन एकेक पत्ता उलटते. चार, चार, चार, चार, आठ, आठ, आठ, आठ... शेवटपर्यंत आठच. पाचव्या आठवड्याला एकदाच चाराचे आठ झाले, बाकी काही बदललंच नाही. त्या वेळी वर्गात जी शांतता होते ती कुठल्याही लेक्चरने मला कधी मिळालेली नाही. एकदा कारखान्यावर बसलेली एक मुलगी उठून पत्ते हातात घेऊन स्वतः तपासायला लागली, तिचा विश्वासच बसेना, खेळभर ती कोणा लहरी गिऱ्हाइकाला शिव्या घालत होती आणि तसं गिऱ्हाईक नव्हतंच. तिने मग आपणहून विचारलं, "म्हणजे हे आम्हीच केलं?" या प्रश्नानंतर बुलव्हिप शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाचे निकाल तपासून प्रसिद्ध केले, त्यात टीमचा सरासरी खर्च २०२८ डॉलर निघाला आणि साध्या चांगल्या नियमाने खेळलं असतं तर तो २०४ डॉलर आला असता, म्हणजे जवळपास दहापट. मी हे दोन आकडे बोर्डवर लिहिते पण पत्ते उलटून झाल्यावरच, आधी नाही. आधी लिहिले तर मुलांना वाटतं आपण मठ्ठ ठरलो, नंतर लिहिले की कळतं की त्या जागी बसलेले बहुतेक सगळेच असं करतात, आणि मग रचनेबद्दल बोलता येतं, उशीर, माहिती न मिळणं, पाठवलेला पण अजून न पोचलेला माल विसरणं वगैरे.

तर पहिला सल्ला हाच, अर्धा वेळ चर्चेला, आणि चर्चेत पहिली वीसेक मिनिटं तुम्ही उत्तर द्यायचं नाही. हे अवघड जातं, मला माहितेय, आपल्याला शिकवायची सवय असते. तीन मिनिटं शांतपणे लिहायला लावा, मग बोलायला. लिहिल्याशिवाय बोलायला सांगितलं की तेच चार जण बोलतात. आणि सुरुवात जिंकलेल्या टीमपासून अजिबात करू नका, ते आपल्या हुशारीची गोष्ट सांगतात, ज्यात नशिबाचा वाटा असतो तो त्यांना दिसत नाही. मधल्या किंवा मागे पडलेल्या टीमला आधी विचारा, "तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?" असं विचारा, "असं का केलंत?" असं नको. दुसऱ्या प्रश्नाला बचाव येतो, पहिल्याला माहिती येते.

दुसरी गोष्ट, सगळ्याला मोठं सिम्युलेशन लागत नाही. छोटे खेळ करून बघा, वीस मिनिटांचे, एकाच कल्पनेवरचे. माझा सगळ्यात आवडता म्हणजे नाण्यांची बरणी. पारदर्शक बरणीत नाणी भरायची, प्रत्येकाने दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहायच्या, आत एकूण किती रक्कम असेल याचा अंदाज आणि त्यासाठी आपली बंद बोली. मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युअलसन यांनी १९८३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला, बरणीत ८ डॉलरचा ऐवज होता, लोकांचा सरासरी अंदाज ५.१३ डॉलर, म्हणजे लोक एकूणात कमीच धरत होते, आणि तरी जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलरची. म्हणजे जिंकणारा तोट्यात. कारण लिलावात सरासरी माणूस जिंकत नाही, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त वाहवला तो जिंकतो. कंपन्या विकत घेणं, टेंडर, तेलक्षेत्रांचे लिलाव, सगळीकडे हे लागू पडतं. मी लेक्चर म्हणून हे सांगायचे तेव्हा मुलं लिहून घ्यायची आणि विसरायची, आता अंदाजांचा आलेख बोर्डवर काढते, त्यात जिंकलेली बोली कुठे बसते ते दाखवते, आणि वर्षभराने सुद्धा कोणीतरी बरणीची आठवण काढतं.

तसाच दुसरा, ० ते १०० मधला आकडा लिहा, सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाला जो सगळ्यात जवळ तो जिंकला. रोझमेरी नागेल यांचा यावरचा १९९५ चा पेपर प्रसिद्ध आहे. गणिती उत्तर शून्य, कारण समोरचेही असाच विचार करतायत असं सगळ्यांनी धरलं तर आकडा खाली खाली जात शून्यावर येतो, पण पहिल्या खेपेला शून्य लिहिणारा हरतो. लगेच दुसऱ्यांदा खेळवा, मग तिसऱ्यांदा, आणि आकडा कसा खाली घसरत जातो ते नुसतं बघत राहा. स्पर्धकाच्या किमतीबद्दल बोलायचं तर "समोरचा किती पायऱ्या पुढचा विचार करतोय" हा प्रश्न मुलांच्या तोंडून येतो, मला आणावा लागत नाही.

क्वालिटीचे तज्ज्ञ डेमिंग यांचा लाल मण्यांचा खेळ क्वालिटीसाठी उत्तम आहे, ४००० मणी, त्यातले ८०० लाल, कामगार झालेल्या मुलांनी ५० खळग्यांची फळी बुडवून मणी काढायचे, लाल म्हणजे खराब माल. कमी लाल काढणाऱ्याला शाबासकी, जास्त काढणाऱ्याला बोलणी. कामगाराच्या हातात काहीच नसतं आणि तरी वर्ग दहा मिनिटांत "ती नीट काम करतेय, हा हलगर्जी आहे" असं बोलायला लागतो, अगदी गंभीरपणे. फक्त एक काळजी घ्या, ज्यांना बोलणी बसणार त्यांना आधी बाजूला घेऊन सांगा की मी मॅनेजरचं सोंग करणार आहे. लाजाळू मुलाला चारचौघांत खोटं खोटं ओरडलं तरी लागतं. मी एकदा हे सांगायचं विसरले आणि एक मुलगा पुढचे दोन तास आलाच नाही.

आता तुमच्या आठ राउंडच्या सिम्युलेशनकडे येते. टीम तिसऱ्या राउंडला ढेपाळतात कारण तोवर क्रम ठरलेला असतो. मार्कस्ट्रॅट काय, कॅपस्टोन काय, कंपनी चालवायच्या या प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये आधीच्या निर्णयांचा परिणाम पुढे साठत जातो, पहिल्या दोन राउंडमध्ये ज्यांनी चुकीची गुंतवणूक केली ते कर्जात जातात, आणि त्यांना दिसतं की आता कितीही डोकं चालवलं तरी वर येणार नाही. आणि मार्क जर क्रमावर असतील तर त्यांनी सोडून देणं हा अगदी शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात आळस कसला? म्हणून क्रमावर मार्क देणं बंद करा. पुढच्या वेळी दोन सरावाचे राउंड घ्या आणि मग सगळं पुसून शून्यापासून सुरू करा, ही सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. मार्क कशावर द्यायचे? मी प्रत्येक राउंडच्या आधी प्रत्येकाकडून, टीमकडून नाही, प्रत्येकाकडून, अर्धं पान घेते: आपण काय करणार, त्यातून काय होईल असं वाटतं ते आकड्यात, आणि का वाटतं. निकाल आल्यावर खाली चार ओळी, अंदाज कुठे चुकला आणि त्याचं कारण काय असावं. "विक्री वाढेल" चालत नाही, किती वाढेल ते लिहायचं. शेवटच्या नंबरावरच्या टीममधल्या मुलाने जर नीट लिहिलं की आम्ही किंमत कमी केली पण कारखान्याची क्षमताच नव्हती, मागणी आली आणि माल नव्हता, तर त्याला मी पूर्ण मार्क देते, पहिल्या नंबरावरच्या टीममधल्या "आमची स्ट्रॅटेजी यशस्वी ठरली" लिहिणाऱ्याला नाही.

साठ मुलांचं हे तपासायचं कधी, असं तुम्ही म्हणाल. सगळं वाचू नका. दर राउंडला वीसेक चिठ्ठ्या काढून वाचते, कोणाची निघेल ते त्यांना आधी माहीत नसतं, आणि त्यातल्या दोन-तीन नाव न घेता वर्गात वाचून दाखवते. पुरतं.

एकच जण लॅपटॉपवर बसतो याला उपदेश उपयोगी पडत नाही, रचनाच बदलावी लागते. सहा जणांची टीम असेल तर दोन जण मोकळे बसणारच, चारच्या वर जाऊ नका. आणि माहिती वाटून टाका. हार्वर्ड बिझनेस पब्लिशिंगचं एव्हरेस्टचं सिम्युलेशन आहे, पाच गिर्यारोहक, लीडर, डॉक्टर, पर्यावरणवादी, फोटोग्राफर, मॅरेथॉन धावपटू, आणि प्रत्येकाला वेगळी माहिती आणि काही वेगळी उद्दिष्टं, म्हणजे सगळे बोलले नाहीत तर टीमचा निर्णय चुकणारच. हीच कल्पना तुम्ही कुठल्याही सिम्युलेशनवर चढवू शकता, मार्केट रिपोर्ट फक्त एकाला द्या, कॅश फ्लो फक्त दुसऱ्याला, कारखान्याचे आकडे तिसऱ्याला, आणि दर दोन राउंडनी जागा बदला. लॅपटॉप एकाचाच राहू दे पण त्याला बाकीच्यांना विचारल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

आणखी एक होतं, हुशार मुलं सॉफ्टवेअरचं आतलं सूत्र शोधून काढतात, जाहिरातीवर इतका खर्च केला की पुढे फायदा नाही वगैरे. बरेच सहकारी याला चीटिंग म्हणतात, मला तसं वाटत नाही. मी त्यांना उभं करून सूत्र समजावून सांगायला लावते आणि वर्गाला विचारते, खऱ्या बाजारात असं असतं का, हे मॉडेल बनवणाऱ्याने काय गृहीत धरलं, काय सोडून दिलं. नियम थोडे बदलले की निकाल किती बदलतो याचं जुनं उदाहरण आहे. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन वर्गात खरेदीविक्रीचा खेळ घ्यायचे, त्यावर त्यांनी १९४८ मध्ये लिहिलं, मुलं जोड्याजोड्यांनी सौदे करायची आणि किमती समतोलावर, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतो त्या किमतीवर, येत नसत, त्यांचा निष्कर्ष असा की बघा, पुस्तकातला बाजार खरा नाही. त्या वर्गात व्हर्नन स्मिथ नावाचा विद्यार्थी होता, त्याने पुढे हाच खेळ बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी करून आणि परत परत खेळवून पाहिला, तर किमती समतोलाकडे सरकू लागल्या. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्गातल्या खेळातून हे निघालं, म्हणून कोणी या सगळ्याला टाइमपास म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं.

गेम कुठे घेऊ नये तेही सांगते. जिथे नुसती पद्धत शिकवायची आहे, ताळेबंद मांडणं, घसारा काढणं, तिथे समोर बसून गणितं सोडवणंच बरं. आणि ज्या गेममधून तुम्हाला नेमकं काय काढायचंय ते एका वाक्यात लिहिता येत नाही तो घेऊच नका, कितीही आकर्षक असला तरी. मी तयारीच्या वहीत आधी ते वाक्य लिहिते, मग चर्चेचे चार प्रश्न, आणि मग गेम निवडते.

या सत्रात तुमचे तीन राउंड उरलेत. पुढचा तास राउंड न घेता घ्या. पाचही राउंडचे सगळ्या टीमचे आकडे, किंमत, क्षमता, रोख रक्कम, नफा, मोठ्या कागदांवर छापून भिंतीला लावा, मुलांना वीस मिनिटं फिरून बघू द्या, प्रत्येकाने दुसऱ्या कुठल्या तरी टीमचा एक निर्णय निवडून तो त्यांना त्या वेळी का बरोबर वाटला असेल ते लिहायचं. मग त्या टीमने सांगायचं की खरं कारण काय होतं. त्यानंतर जाहीर करा की पुढचे मार्क फक्त अंदाज आणि त्याच्या कारणांवर, आणि खेळ आठव्याला संपेल की आधीच ते सांगणार नाही, नाहीतर शेवटच्या राउंडला सगळे संशोधनाचा खर्च शून्य करून नफा फुगवतील. शेवटच्या नंबरावरच्या टीमला तासाआधी पाच मिनिटं भेटा आणि त्यांचे आकडे तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर बसून बघा, भिंतीसमोर पहिलं बोलायला मी त्यांनाच उभं करेन.